मुक्तद्वार आणि जाब

एखाद्या वाङ्मयप्रकाराच्या वेडापायीं ज्याला घरचे व शाळासोबती हसत आले, त्याला त्याच वेडाचा दुसरा मनुष्य भेटला म्हणजे होणारा आनंद कांहीं वेगळाच असतो. आपल्याकडे एखाद्या गवयाच्या मैफलीच्या दाराशीं तिष्ठत असलेलीं दोन अपरिचित माणसें घटकाभरांत जुन्या स्नेह्यांसारखीं बोलूं लागतात, तें ह्याच आनंदाचें एक रूप होय. पाश्चात्य देशांत अद्भुतकथा व विज्ञानकथा ह्यांच्या रसिकांचीं जीं संमेलनें गेलीं ऐंशींहून अधिक वर्षें भरत आलीं आहेत, त्यांचा जन्मही ह्यांतूनच झाला. तीन-चार दिवसांकरितां एखादें मोठें हॉटेल घ्यावें, लेखकांनीं व वाचकांनीं एकाच जिन्यांत एकमेकांना अडवून वाद घालावे, जुन्या मासिकांचे गठ्ठे हाताळावे, संध्याकाळीं कोणी राक्षसाचा तर कोणी यक्षिणीचा वेष घेऊन मिरवावें, असा हा थाट असतो. ह्यांपैकीं बहुतेक संमेलनें पगारी माणसें चालवीत नाहींत. हौशी मंडळीच रात्रीचा दिवस करून तीं उभीं करतात. जागतिक विज्ञानकथा-संमेलन हें त्यांत फार जुनें व मोठें. नांव विज्ञानकथेचें असलें तरी अद्भुतकथेलाही तेथें तितकाच मान आहे, आणि खुद्द अध्यक्षानेंसुद्धां आपली वर्गणी भरूनच आंत यावें असा तेथील जुना प्रघात आहे. तेथें गिऱ्हाईक कोणी नाहीं, सारे सभासद.

ह्या 'सारे सभासद' शब्दांतच आमच्या प्रस्तुत प्रश्नाचें मूळ आहे. जें सर्वांचें तें वस्तुतः कोणाचें? त्याचें दार कोणी लावावें, कोणी उघडावें, आणि आंत एखाद्यास इजा झाली तर जाब कोणापाशीं मागावा? गेल्या कांहीं वर्षांत ह्या संमेलनांतून 'सर्वांना सामावून घ्या' आणि 'जबाबदारी निश्चित करा' अशा दोन मागण्या एका दमांत होऊं लागल्या आहेत. त्या निरनिराळ्या आहेत, किंबहुना परस्परविरुद्ध आहेत, असें पुष्कळांस वाटतें. कारण पहिली मागणी दार उघडावयास सांगते आणि दुसरी प्रसंगीं तें लावावयास. आमच्या मतें ती एकच मागणी आहे. तें कसें, हें ह्या संमेलनांच्या इतिहासावरूनच दाखवितां येईल.

पहिलें जागतिक संमेलन १९३९ च्या जुलैंत न्यूयॉर्क येथें भरलें. जमाव सुमारें दोनशें माणसांचा, त्यांतील कित्येक मिसरूडही न फुटलेले. एवढ्याशा मेळाव्याच्या चालकांनीं सहा जणांना दारांतच अडविलें. हे सहाही जण 'फ्यूचरियन' नांवाच्या प्रतिस्पर्धी मंडळाचे. विचारांनीं डावे, जिभेनें तिखट. ते गोंधळ घालतील अशी चालकांना धास्ती होती, आणि चालकांवर टीका करणारें एक पत्रक सभास्थानीं सांपडल्यामुळें ती बळावली. मौज अशी कीं, तें पत्रक लिहिणारा डेव्हिड काइल मात्र अडविला गेला नाहीं. तें न लिहिणारे सहा बाहेर राहिले. त्या सहांत डोनाल्ड वोल्हाइम, फ्रेडरिक पोल व सिरिल कॉर्नब्लूथ हे पुढें नांवारूपास आलेले तिघे होते. ह्याच वोल्हाइमच्या देखरेखीखालीं १९६५ सालीं टॉल्किन ह्यांच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'ची स्वस्त आवृत्ति ग्रंथकाराच्या परवानगीवांचून अमेरिकेंत निघाली. त्यावरून रण माजलें तें योग्यच होतें. पण अद्भुतकथेचा अमेरिकन वाचक भराभर वाढूं लागला तोही त्याच सुमारास. ज्याला उंबऱ्यावर अडविलें त्याच्याच आडदांड करणीनें पुढें घर भरलें, हा इतिहासाचा विनोदच म्हणावयाचा.

त्याच संमेलनांत फॉरेस्ट ॲकरमन हा तरुण भविष्यकाळांतल्या मनुष्याचा पोषाख करून वावरला, आणि अशा वेषभूषेचा आद्य पुरुष म्हणून त्याचें नांव झालें. तो पोषाख शिवणारी, आणि तसाच पोषाख स्वतःही करून तेथें हिंडणारी मर्टल डग्लस हिचें नांव मात्र कैक वर्षें मागें पडलें. म्हणजे माणसाला बाहेर ठेवण्यास दार बंदच करावें लागतें असें नाहीं. मुक्तद्वार भोजन घालणाऱ्या घरींही पंक्तिभेद असूं शकतो, हें महाराष्ट्रीय वाचकांस आम्हीं निराळें सांगावयास नको. १८८५ सालीं ग्रंथकारांच्या सभेचें निमंत्रण महात्मा फुले ह्यांस आलें आणि तें त्यांनीं नाकारलें. निमंत्रण रीतसर होतें, दारही उघडें होतें. त्यांचा आक्षेप होता तो आंतल्या मंडळींच्या वर्तनावर.

अमेरिकेंतही अशीच एक गोष्ट घडली. ती थट्टेची आहे, पण हसूं येत नाहीं. १९५० नंतरच्या दशकांत तेथील रसिकांच्या घरगुती छापाच्या नियतकालिकांतून कार्ल ब्रँडन नांवाचा एक कृष्णवर्णी लेखक फार लोकप्रिय झाला. हा गृहस्थ मुळीं अस्तित्वांतच नव्हता. टेरी कार व त्याचा एक मित्र ह्यांनीं उभें केलेलें तें सोंग होतें. खरा कृष्णवर्णी रसिक संमेलनांत औषधापुरता दिसावा, आणि काल्पनिकाला सर्वांनीं डोक्यावर घेऊन नाचावें! पुढें १९९९ सालीं विस्कॉन्सिन प्रांतांतील विसकॉन ह्या स्त्रीवादी संमेलनांत गौरेतर लेखक-वाचकांची एक संस्था स्थापन झाली, तिनें आपणांस नांव घेतलें तें कार्ल ब्रँडनचेंच. थट्टेला इतकें सभ्य आणि इतकें बोचणारें उत्तर आमच्या पाहण्यांत दुसरें नाहीं. ह्या संस्थेच्या आश्रयानें २००९ पासून गौरेतर रसिकांच्या प्रवासखर्चास हातभार लावण्याचें कामही सुरू झालें; कारण दार उघडें असलें तरी दारापर्यंत जाण्यास भाडें पडतें. तीच गोष्ट पायऱ्यांची. व्यासपीठाला तीनच पायऱ्या असल्या, तरी चाकांच्या खुर्चींत बसणाऱ्या वक्त्याला त्या तीनशेंच आहेत, आणि त्या बांधणाऱ्याच्या मनांत कोणाला वगळण्याचा हेतु होता काय, ही चौकशी त्याच्या कांहीं उपयोगाची नाहीं.

येथवर वाचक आमच्याशीं सहमत होतील असें धरून चालतों. खरी अडचण पुढेंच आहे.

१९६४ सालीं कॅलिफोर्नियांतील ओकलंड येथें भरावयाच्या जागतिक संमेलनाच्या समितीनें वॉल्टर ब्रीन ह्या मनुष्याचें सभासदत्व रद्द केलें. हा मनुष्य विद्वान, नाणकशास्त्रांतला मोठा जाणकार आणि मंडळींत आवडता. लहान मुलांशीं त्याचें वर्तन कसें आहे हें अनेकांनीं उघड्या डोळ्यांनीं पाहिलें होतें, आणि समितीच्या एका घटकानें तें लेखी नमूद करून वांटलेंही होतें. मग झालें काय? रसिकमंडळींत उभी फूट पडली, आणि मुलांची चिंता राहिली बाजूला, समितीचाच धिक्कार होऊं लागला. तो विक्षिप्त असेल, पण आपणां सर्वांनाच जग विक्षिप्त म्हणतें. न्यायालयांत शाबीत न झालेल्या गोष्टीवरून कोणाला वाळीत टाकणें आपणांस शोभत नाहीं. अशा तऱ्हेचे युक्तिवाद झाले. त्याच वर्षीं मॅरियन झिमर ब्रॅडली ह्या अद्भुतकथालेखिकेनें त्याच्याशीं विवाह केला होता. पुढें मुलांवरील लैंगिक अत्याचाराबद्दल त्यास शिक्षा झाली व १९९३ सालीं तो तुरुंगांतच मेला. ब्रॅडलीबाई १९९९ सालीं वारल्या. दुसऱ्याच वर्षीं जागतिक अद्भुतकथा-पारितोषिकांतील जीवनगौरव त्यांस मरणोत्तर देण्यांत आला. आणि २०१४ सालीं त्यांच्या मुलीनें जाहीर केलें कीं, आईनेंही आपल्या लहानपणीं आपल्यावर अत्याचार केले होते.

बाहेरून पाहतां १९३९ आणि १९६४ ह्या दोन्ही सालीं एकच गोष्ट घडली : समितीनें सभासदाला दार लाविलें. मग एकीस आम्ही अन्याय म्हणतों व दुसरीस कर्तव्य म्हणतों, तें कोणत्या आधारावर? केवळ पुढें काय घडलें तें आपणांस ठाऊक आहे म्हणून? तसें असेल तर आमचा न्याय म्हणजे पंचांग पाहून पावसाचें भाकित बरोबर ठरविण्याचा प्रकार होईल. आम्हांस फरक दिसतो तो असा. १९३९ सालीं दार लाविलें तें चालकांच्या स्वतःच्या भयानें. आपणांस कोणी भर सभेंत प्रश्न विचारील, ह्या भयानें. १९६४ सालीं दार लाविलें तें जीं मुलें सभेंत उभीं राहून प्रश्न विचारूं शकत नव्हतीं, त्यांच्या भयाची दखल घेऊन. पहिल्या प्रसंगीं जाब चुकविण्यासाठीं दाराचा उपयोग झाला, दुसऱ्या प्रसंगीं जाब घेण्यासाठीं. आणि १९६४ मध्यें ज्यांनीं औदार्य दाखविलें, त्यांस त्या औदार्याची किंमत द्यावी लागली नाहीं. ती द्यावयाची होती ती दुसऱ्यांच्या मुलांना. ब्रीनसाठीं दार उघडें ठेवणें म्हणजे तीं मुलें व त्यांचे शहाणे आईबाप ह्यांच्यासाठीं तें लावणें होतें. परंतु जो गुपचूप यावयाचा थांबतो त्याची नोंद कोणतीच समिति ठेवीत नाहीं. म्हणून हिशेबांत दार उघडेंच दिसत राहतें.

हाच प्रश्न २०१२ सालीं निराळ्या वेषांत पुढें आला. बॉस्टनजवळ भरणाऱ्या रीडरकॉन नांवाच्या वाङ्मयीन संमेलनाचा लेखी नियम होता कीं, दुसऱ्या सभासदाची छेड काढणारास कायमची बंदी. एका लेखिकेनें तक्रार केली कीं, रसिकमंडळींत सुपरिचित असलेल्या एका गृहस्थानें आपणांशीं लगट केली व स्पष्ट नकारानंतरही तो पाठ सोडीना. संचालकमंडळानें चौकशी करून तक्रार खरी मानली. पण शिक्षा दिली ती दोन वर्षांच्या बंदीची. कारण काय, तर त्या गृहस्थास मनापासून पश्चात्ताप झाला आहे!

संतवाङ्मयावर वाढलेल्या आम्हां मराठी वाचकांस पश्चात्तापाची थोरवी कोणी शिकवावयास नको. वाल्याचा वाल्मीकि होतो ह्यावर आमची श्रद्धा आहे, आणि ती असावीही. तथापि येथें एक गफलत झाली, ती नीट पाहिली पाहिजे. त्या मंडळाचें कोणी कांहीं बिघडविलें नव्हतें. बिघडविलें होतें त्या लेखिकेचें. मग मंडळानें जी क्षमा वांटली, ती कोणाच्या घरची? दुसऱ्याच्या पेटींतून दान करून दात्याचें पुण्य आपल्या नांवें मांडावें, तसा हा प्रकार झाला. पश्चात्ताप खरा होता कीं नाहीं ह्या वादांत आम्ही शिरत नाहीं. तो खरा होता असें धरलें, तरी त्याचें फळ त्या गृहस्थाच्या पुढल्या वागणुकींत दिसावयाचें, नियमांतून मिळणाऱ्या सवलतींत नव्हे. कोणी म्हणेल, सर्व अपराधांना एकच कायमची शिक्षा हा नियम मुळांतच ओबडधोबड आहे. असेल. आम्हांसही तो तसाच वाटतो. पण नियम बदलावयाचा तर प्रकरण येण्यापूर्वीं, सर्वांसमक्ष बदलावा. प्रकरण आल्यावर, बंद खोलींत आणि ओळखीच्या माणसासाठीं तो बदलूं नये. असे कठोर नियम माणसें करून ठेवतात तें आपण निर्दय आहों म्हणून नव्हे. मित्राचा चेहरा समोर आला कीं आपण विरघळतों, हें त्यांस ठाऊक असतें म्हणून. रीडरकॉनच्या निर्णयावर एवढा गहजब झाला कीं, संचालकमंडळास राजीनामा द्यावा लागला आणि कायमची बंदी लागू झाली. पुढल्याच वर्षीं जॉन स्कॅल्झी ह्या कादंबरीकारानें, छेडछाडीविरुद्ध स्पष्ट नियम नसलेल्या संमेलनास आपण पाहुणे म्हणून जाणार नाहीं, असें जाहीर केलें. पुष्कळांनीं त्यास साथ दिली. न्यूयॉर्कच्या प्रचंड चित्रकथा-मेळाव्यांत २०१४ पासून ठिकठिकाणीं फलक लागले कीं, वेष घातला म्हणजे अंगाला हात लावण्यास संमति दिली असें नव्हे.

खुद्द विसकॉन, जें स्त्रियांच्या हक्कांचें माहेर म्हणून १९७७ पासून प्रसिद्ध, तेथेंही त्याच सुमारास अशा तक्रारीचे कागद गहाळ झाल्याचें उघडकीस आलें. द्वेषानें नव्हे; घरच्या कार्यांत जशी एखाद्याची आठवण राहून जाते, तसे. आणि आमच्या मतें सर्वांत कठीण दुखणें हेंच आहे. हौशी संस्थेचा कारभार हा घरचें कार्य समजला जातो. घरच्या कार्यांत पाटावरून कोणी उठला तर 'सांभाळून घ्या' म्हणावयाचें, जाब विचारावयाचा नाहीं; राबणारे आपलेच, फुकट राबणारे, त्यांस टोंचून बोलणें म्हणजे कृतघ्नपणा. शिवाय समिति दरवर्षीं बदलते. गेल्या वर्षींच्या तक्रारीची आठवण नव्या समितीस नसते. अपराधी पुढल्या वर्षीं पुन्हा वर्गणी भरून येतो, आणि तक्रार करणारी येत नाहीं.

येथवर माणसांच्या वर्तनाविषयीं झालें. परंतु संस्था ज्या मूर्तीपुढें हात जोडते तिच्याविषयींही जाब विचारतां येतो काय? ह्या वादांत एका पुण्यांत जन्मलेल्या विद्वानाचा संबंध आलेला असल्यानें तो थोडा विस्तारानें सांगतों. जागतिक अद्भुतकथा-संमेलन १९७५ सालीं ऱ्होड आयलंडमधील प्रॉव्हिडन्स ह्या गांवीं प्रथम भरलें. तें गांव निवडण्याचें कारण, भयकथाकार एच. पी. लव्हक्राफ्ट तेथला. विजेत्यांस मिळणारें पारितोषिक म्हणजे गॅहन विल्सन ह्या व्यंगचित्रकारानें घडविलेलें लव्हक्राफ्टचें मस्तक. २०११ सालीं तें नेडी ओकोराफोर ह्या नायजेरियन आईबापांच्या अमेरिकन लेखिकेस तिच्या कादंबरीबद्दल मिळालें. त्यानंतर लव्हक्राफ्टनें कृष्णवर्णी लोकांविषयीं लिहिलेली एक अत्यंत किळसवाणी कविता तिच्या वाचनांत आली. जो आपल्या जातीला माणूस मानावयास तयार नव्हता, त्याचें डोकें आपल्याच घरच्या फळीवर, आपल्याच गौरवाचें चिन्ह म्हणून बसलेलें! तिनें आपलें मन:पूर्वक दुःख लिहून काढलें, तिच्यामागून इतरांनीं मागणी लावून धरली, आणि २०१५ मध्यें तें मस्तक बंद करण्याचें जाहीर झालें. २०१७ पासून विजेत्यांस मिळतें तें वृक्ष व चंद्र असलेलें शिल्प.

ह्याचा निषेध म्हणून आपणांस मिळालेलीं दोन पारितोषिकें ज्यानें परत केलीं तो विद्वान म्हणजे एस. टी. जोशी. जन्म पुण्याचा, १९५८ सालचा. लहानपणींच अमेरिकेंत गेलेले. लव्हक्राफ्टच्या लेखनाची शुद्ध संहिता सिद्ध करून व त्याचें विस्तृत चरित्र लिहून त्यास आज जें स्थान आहे तें मिळवून देण्यांत त्यांच्याइतका वाटा दुसऱ्या कोणाचा नाहीं. लव्हक्राफ्टचा वर्णद्वेष त्यांनीं लपविला असेंही नाहीं. त्यांच्याच चरित्रग्रंथांत तो नमूद आहे. त्यांचें म्हणणें एवढेंच कीं, मस्तक हें वाङ्मयीन थोरवीचें चिन्ह आहे, शीलाचें प्रशस्तिपत्र नव्हे. आयुष्य एका ग्रंथकारासाठीं वेंचलेल्या अभ्यासकाचा हा संताप आम्हांस समजतो, आणि त्यांच्या व्यासंगाविषयींचा आमचा आदर त्यानें रतिभरही उणा होत नाहीं. परंतु त्यांचें म्हणणें आम्हांस पटत नाहीं. लव्हक्राफ्टचीं पुस्तकें कोणी जाळलीं नाहींत, वाचूं नका असेंही कोणी म्हटलें नाहीं. वाचकाला पुस्तक मिटतां येतें, समासांत चार कडक शब्द लिहितां येतात, पुन्हा उघडतां येतें. पारितोषिकाच्या बाबतींत ही सोय नाहीं. तें दुसऱ्याच्या हातांत दिलें जातें, आणि तो सर्वांसमक्ष हसतमुखानें स्वीकारील अशी अपेक्षा असते. थोरवीचें चिन्ह निवडतांना तें कोणाच्या हातांत पडणार आहे, हा विचार १९७५ च्या मंडळींस सुचला नाहीं. त्याबद्दल आम्ही त्यांस दोष देत नाहीं. ज्यांच्या लक्षांत आणून दिलें, त्यांनीं तरी तो करावयास नको काय?

जाब नसला म्हणजे समावेशाचें काय होतें, ह्याचें ठळक उदाहरण अगदीं अलीकडचें आहे. २०२३ च्या ऑक्टोबरांत जागतिक विज्ञानकथा-संमेलन प्रथमच चीनमध्यें, चंगदू येथें भरलें. जगाचें म्हणविणारें संमेलन बहुतेक इंग्रजी बोलणाऱ्या देशांतच फिरत असे. तें चिनी वाचकांच्या दारीं गेलें, ही आनंदाची गोष्ट होती. पण २०२४ च्या जानेवारींत ह्यूगो पारितोषिकांच्या मतांचे आंकडे प्रसिद्ध झाले, तेव्हां असें दिसलें कीं, आर. एफ. क्वांग ह्यांची 'बेबेल' ही अद्भुतरम्य कादंबरी भरपूर मतें असूनही 'अपात्र' म्हणून वगळली आहे. आणखीही कांहीं नांवें तशींच गळालीं होतीं. कारण विचारतां, नियमांप्रमाणें झालें, एवढेंच उत्तर मिळालें. पुढल्या महिन्यांत त्या कामांत सहभागी असलेल्या एका कॅनेडियन बाईनेंच आपला खाजगी पत्रव्यवहार उघड केला व माफी मागितली. त्यावरून कळलें कीं, उत्तर अमेरिकेंतल्याच कांहीं व्यवस्थापकांनीं उमेदवारांच्या लेखनांतून व वक्तव्यांतून चीनला खुपतील अशा राजकीय गोष्टी वेंचून टिपणें तयार केलीं होतीं. जाब कोणी द्यावयाचा, ही पंचाईत तेव्हां पडली. त्या संस्थेला कायमचें कार्यालय नाहीं, कायमचा अध्यक्ष नाहीं. प्रत्येक वर्षाची समिति स्वतंत्र, संमेलन उठलें कीं तीही उठली. संमेलनाच्या नांवाचें व चिन्हांचें रक्षण करण्यापुरती जी लहानशी व्यवस्था होती, तिनें कांहीं जणांवर ठपका ठेवला, कांहींनीं पदें सोडलीं. ज्या चिनी रसिकांनीं एवढ्या हौसेनें संमेलन आपल्या घरीं बोलाविलें, त्यांच्या पदरीं मात्र शेवटीं संशयच पडला, आणि तोही ज्यांत त्यांतील सामान्य वाचकाचा कांहींएक अपराध नव्हता.

दुसऱ्याच वर्षीं ग्लासगोच्या समितीपुढें परीक्षेचा प्रसंग आला. मतें मोजतांना असें आढळलें कीं, एका उमेदवारास निवडून आणण्यासाठीं कोणी तरी बनावट सभासदांच्या नांवें ३७७ मतें घातलीं आहेत. समितीनें तीं रद्द केलीं. निकाल लागण्यापूर्वींच, २०२४ च्या जुलैंत, तिनें मतांचा आंकडा व रद्द करण्याचीं कारणें जाहीर केलीं. उमेदवाराचें नांव मात्र तिनें सांगितलें नाहीं; ह्या कारस्थानाची त्यास कल्पना होती असा कांहीं पुरावा मिळालेला नव्हता, आणि हेंही तिनें त्याच पत्रकांत लिहून ठेवलें. तीं मंडळीही हौशीच होतीं, फुकटच राबत होतीं, आणि तीही समिति संमेलन उठतांच उठावयाची होती.